नवं पेन, शाई आणि मागची घुंडी

माझा भाचा टोकियोत नोकरी करतो. दिवाळीला घरी येताना त्याने माझ्यासाठी पायलट कंपनीचं कस्टम ८२३ हे शाईचं पेन आणलं. सामानाचं वजन वाचावं म्हणून खोकं आणि खोक्यातले कागद त्याने तिकडेच ठेवले. पेन तेवढं कापडी पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. या पेनात शाई कशी भरायची आणि भरलेली शाई निबेपर्यंत कशी सोडायची, हे समजायला मला बराच वेळ लागला. आमच्या नाशिकमध्ये हे पेन वापरलेला माणूस पटकन सापडत नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगते. कुणाला असं पेन भेट मिळालं किंवा कुणी हौसेने मागवलं, तर त्यांची थोडी शाई आणि बरीचशी चिडचिड वाचेल.

मी भाषांतराचं काम करते. पहिला खर्डा अजून हातानेच लिहिते. शाईची पेनं मला नवी नाहीत. शाळेत असताना ड्रॉपरने शाई भरायचं पेन होतं. पुढचा भाग फिरवून काढायचा, पोटात शाई ओतायची आणि परत घट्ट बसवायचं. आटे झिजले की बोटं निळी व्हायची. शाई तळाला गेली की कागदावर एकदम ठिपका पडायचा. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि उरलेली शाई बाहेर ढकलते, हे कारण तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कन्व्हर्टरची पेनं आली. कन्व्हर्टर म्हणजे पेनाच्या पोटात बसणारी छोटी नळी. तिची मागची चकती फिरवली की शाई वर चढते. माझ्या एका मैत्रिणीकडे पेलिकनचं पेन आहे. त्यात पेनाचा मागचा भाग फिरवला की आतला दट्ट्या खाली-वर होतो आणि शाई थेट पेनाच्या पोटात ओढली जाते. पेलिकन १९२९ पासून याच पद्धतीची पेनं बनवते आहे. म्हणजे तीन पद्धती मला माहीत होत्या. हे पेन त्या तिन्हींपैकी एकाही पद्धतीचं नव्हतं.

आधी पेनाविषयी थोडं. रंग मधासारखा, अंग पारदर्शक. उजेडात धरलं की आत पेनाच्या लांबीएवढी एक बारीक दांडी दिसते. दांडीच्या टोकाला काळा दट्ट्या आहे. निब १४ कॅरट सोन्याची आहे. तिच्यावर कोरलेला १५ हा निबेच्या आकाराचा क्रमांक. पेनाच्या नावातल्या आकड्यांनाही अर्थ आहे. पायलट कंपनी १९१८ सालची. ८२ म्हणजे कंपनीचं बयांशीवं वर्ष, आणि शेवटचा ३ म्हणजे पेन निघालं तेव्हाची किंमत, तीस हजार येन. आता ते त्याहून महाग आहे. भाच्याने मला किंमत सांगितली नाही, मीही विचारली नाही. पण सोन्याची निब पाहिल्यावर हात जरा जपूनच चालत होता.

पहिल्या संध्याकाळी मी पेलिकनसारखंच असेल असं धरून निब दौतीत बुडवली आणि मागची घुंडी फिरवली. घुंडी थोडी फिरली, सैल झाली आणि तिथेच थांबली. आतला दट्ट्या जागचा हलला नाही. उलट फिरवली तर ती पुन्हा आवळली गेली. दोन-तीनदा तेच केलं. शाईचा थेंबही वर चढला नाही.

भाचा तोवर परत गेला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, दुकानातल्या बाईंनी मला करून दाखवलं होतं. पण जपानीतून भराभर सांगत होत्या. काहीतरी ओढून मग दाबायचं होतं, एवढंच आठवतंय."

ओढायचं म्हटल्यावर घुंडी पूर्ण सैल करून मागे ओढली. आतली दांडी सरसर बाहेर आली आणि दट्ट्या पेनाच्या शेपटाशी जाऊन थांबला. ओढताना निब दौतीतच होती. माझ्या डोक्यात रंगपंचमीची पिचकारी होती. दांडा ओढला की पाणी आत आणि दाबला की बाहेर. इथे दांडी पूर्ण ओढूनही आत काही आलं नाही. आता दाबलं तर दौतीत नुसते बुडबुडे येतील असं वाटलं. तरी हळूहळू दाबून पाहिलं. दाबायला जोर लागत होता. मध्येच बोट काढलं तर दांडी आपसूक मागे सरकली. तेव्हा मी घाबरले. आत काहीतरी अडकलं आहे आणि जोर लावला तर मोडेल, असं वाटलं. दांडी अलगद आत सारून, घुंडी आवळून पेन ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दौतीऐवजी पाण्याची वाटी घेतली. इथपासून थोडी प्रगती झाली. पाणी सांडलं तरी टेबल खराब होणार नव्हतं, त्यामुळे हात धीट झाला. दांडी पूर्ण ओढली, निब पाण्यात बुडवली आणि न थांबता एका दमात दांडी तळापर्यंत दाबली. शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला जोर एकदम कमी झाला आणि त्याच क्षणी पाणी खालून भस्सकन पेनाच्या पोटात शिरलं. पेन पारदर्शक असल्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडलं. मी तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं. खरं सांगायचं तर त्यातली अर्धी वेळ मजा म्हणूनच.

त्या वाटीपाशी बसून जे समजलं ते असं. दांडी मागे ओढताना हवा दट्ट्याच्या कडेने सरकते, म्हणून आत काही ओढलं जात नाही. दाबताना मात्र दट्ट्याची कड पेनाच्या भिंतीला घट्ट बसते. दट्ट्या खाली जाईल तसा त्याच्या पुढची हवा निबेतून बाहेर पडते आणि त्याच्या मागे पोकळी तयार होते. त्या पोकळीत हवा शिरायला वाट नसते. म्हणूनच दाबायला जोर लागतो, आणि मध्येच सोडलं तर दांडी मागे खेचली जाते. पेनाच्या तळाशी, निबेच्या जरा वर, नळी आतून किंचित रुंद आहे. दट्ट्या तिथे पोचला की त्याच्या कडेला फट मिळते. मागच्या पोकळीला बाहेरची शाई मिळते आणि बाहेरच्या हवेचा दाब दौतीतली शाई वर ढकलतो. दांडीने शाई ओढली जातच नाही. दांडी फक्त पोकळी तयार करते.

एवढं कळल्यावर शाई भरायला घेतली. पहिल्या खेपेला पेन अर्धंही भरलं नाही. कारण लगेच दिसलं. माझी दौत बसकी आणि शाई अर्ध्यावर आलेली. निब बुडली होती, पण निबेच्या मागचा पकडायचा भाग शाईबाहेर राहिला होता. त्यामुळे शाईबरोबर हवाही आत गेली. शिवाय शाई आत शिरलेली दिसताच मी पेन वर उचललं होतं. पोकळी भरायला काही सेकंद लागतात. दांडी तळाला टेकल्यावर निब शाईतच ठेवून मनात दहापर्यंत मोजायचं, हे तेव्हापासून ठरवून टाकलं.

दौतीच्या अडचणीवर साधा उपाय निघाला. घरातली औषधाची छोटी, उभट काचेची बाटली घेतली. पेनाचा पुढचा भाग तिच्या तोंडातून आरामात जातो. बाटली उकळून, पूर्ण वाळवून घेतली आणि दौतीतली शाई तीत ओतली. तेवढीच शाई उभट बाटलीत खोल उभी राहते. पायलटच्या इरोशिझुकू शाईच्या दौतीला याचसाठी तळाशी खोलगट खळगा असतो, शेवटची शाई तिथे गोळा व्हावी म्हणून. ती दौत असेल तर बाटलीची गरज नाही. भरताना बाटलीखाली जुनं फडकं ठेवते आणि डाव्या हाताने बाटली धरते. दांडी दाबताना जोर खाली लागतो आणि हलकी बाटली कलंडते. आमच्या टेबलावर त्याचा एक निळा डाग आहे.

आता पेन बऱ्यापैकी भरलं. लिहायला बसले. निब मऊ, शाई एकसारखी. पहिलं पान कधी संपलं कळलं नाही. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षर फिकट झालं. आणखी दोन ओळी ओढूनताणून झाल्या आणि पेन बंद पडलं. उजेडात धरलं तर पोटात शाई भरपूर. झटकलं, तर दोन शब्द उमटले. पेन ठेवून चहा घेतला, परत लिहायला घेतलं, तर एक अक्षरही नाही.

यावर मी काय काय केलं ते सांगते, कारण बहुतेक लोक हेच करतील. निब कोमट पाण्यात बुडवून ठेवली. कोरडी करून लिहिलं, पुन्हा पान-दीड पानावर बंद. शाई जाड असेल म्हणून पेन रिकामं करून दुसरी, पातळ शाई भरली. पुन्हा तेच. कागदाला चिकणपणा असेल म्हणून कागद बदलला. फरक नाही. निबेच्या फटीत धागा अडकला असेल म्हणून भिंगातून पाहिलं. फट स्वच्छ होती. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. दर वेळी शाई नव्याने भरली की पान-दीड पान उत्तम लिहिलं जायचं आणि मग थांबायचं. निबेत दोष असता तर सुरुवातीपासून त्रास व्हायला हवा होता. ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली, पण तिचा अर्थ लागत नव्हता.

शेवटी शहरातल्या एका पेनांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी निब कागदावर घासून पाहिली आणि म्हणाले, "निब टाइट आहे. काढून जरा फाकवून देतो. मग शाई धो धो येईल." पैसेही फार सांगितले नाहीत. मी पेन ठेवून जायला तयार होते. पण निबेचं काम करणारा कारागीर त्या दिवशी आला नव्हता, म्हणून पेन घेऊन घरी आले. सोन्याची निब एकदा गरजेपेक्षा जास्त फाकली की पुन्हा नीट जुळवणं अवघड असतं. आणि या निबेला तर काहीच झालं नव्हतं.

सुटका झाली ती आमच्याच सोसायटीत. तिथे एक निवृत्त वकील राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. जिन्यात भेटले तेव्हा पेनाचा विषय निघाला. पेन पाहायला घरी आले. दांडी दिसताच म्हणाले, "अगं, हे तर ओनोटोच की! माझ्या वडिलांकडे होतं तसलं. मागची घुंडी सैल केलीस का लिहिताना?"

मी म्हटलं, "लिहिताना कशाला? ती तर शाई भरायला आहे ना?"

"भरायलाही तीच आणि शाईचा नळ उघडायलाही तीच. जरा फिरव. दांडी ओढू नकोस. नुसती दोन-तीन मिलिमीटर वर येऊ दे."

घुंडी सैल केली. निब खाली धरून थांबलो. आतून हवेचा एक बुडबुडा वर गेला. कागदावर निब टेकवली आणि ओळ ओली उमटली. त्या संध्याकाळी मी काही कारण नसताना चार पानं लिहिली.

आबांनी दाखवलं ते मी नंतर भिंग घेऊन नीट पाहिलं. घुंडी पूर्ण आवळली की दांडीचं खालचं टोक पेनाच्या गळ्यापाशी बुचासारखं बसतं. पोटातली शाई आणि निब यांच्यातली वाट बंद होते. शाई खाली येत नाही आणि तिच्या जागी जाणारी हवा वरही जात नाही. अशा वेळी लिहायला उरते ती फक्त फीडमधली शाई. फीड म्हणजे निबेखालचा खाचाखाचांचा काळा तुकडा. त्या खाचांत थोडी शाई साठलेली असते आणि ती पान-दीड पान पुरते. भरल्यावर फीड ओलं असतं, म्हणून सुरुवात छान व्हायची. तेवढी शाई संपली की पेन थांबायचं. माझ्या वहीतल्या नोंदीचं उत्तर हे होतं.

ओनोटोची थोडी माहिती आबांकडूनच मिळाली, थोडी मी शोधली. लंडनच्या डी ला रू कंपनीने १९०५ मध्ये ओनोटो बाजारात आणलं. दट्ट्या दाबून पोकळी करायची आणि शाई आपोआप चढू द्यायची, ही त्याची खूण. नाशिककरांना या कंपनीचं नाव दुसऱ्या कारणाने जवळचं आहे. नाशिकरोडचा प्रेस सुरू व्हायच्या आधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनला छापून यायची, ती याच कंपनीकडून. प्रेस १९२५ च्या सुमारास सुरू झाला आणि ते काम इकडे आलं. ओनोटो जपानातही खूप चाललं. टोकियोचं मारुझेन हे दुकान ती पेनं आयात करायचं आणि कादंबरीकार नात्सुमे सोसेकी ओनोटोने लिहायचे. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत शेफर कंपनीनेही याच तत्त्वाची पेनं काढली. म्हणजे माझ्या हातातलं नवं पेन शंभर वर्षांहून जुन्या युक्तीवर चालतं. आबांच्या वडिलांचं पेन आता त्यांच्याकडे नाही, पण घुंडीची सवय त्यांच्या बोटांत राहिली आहे.

नळ मुद्दाम बंद करायची सोय कशासाठी, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मला विमानात मिळालं. विमान उंचावर गेलं की केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा बराच कमी होतो. अर्धवट रिकाम्या पेनातली हवा फुगते आणि शाई निबेतून बाहेर ढकलते. खिशावरचे डाग त्यानेच पडतात. मी कामासाठी दिल्लीला गेले तेव्हा घुंडी घट्ट आवळून, निब वर ठेवून पेन पर्समध्ये उभं ठेवलं होतं. उतरल्यावर टोपण उघडलं तर आत एखादा बारीक ठिपका होता, बस्स. त्याच पर्समधल्या दुसऱ्या साध्या पेनाने मात्र टोपण आतून भिजवून ठेवलं होतं. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत किंवा तापलेल्या गाडीत पेन राहिलं तरी हाच फायदा होतो.

पेन पूर्ण भरायची एक युक्ती नंतर जमली. एका दाबात पेन साधारण दोन-तृतीयांश भरतं. आणखी हवी असेल तर निब वर करून पेन उभं धरायचं आणि दांडी सावकाश मागे ओढायची. मग तसंच उभं धरून दांडी अगदी हळू, थोडीच पुढे सरकवायची. वरची हवा निबेतून निघून जाते आणि शाई निबेच्या बुडाशी येते. तिथे थांबायचं, दांडी सोडायची नाही. पेन उलटं करून निब शाईत बुडवायची आणि उरलेली दांडी एका दमात दाबायची. यानंतर पेनात दोन मिलिलिटरहून जास्त शाई मावते. लहान कन्व्हर्टरमध्ये अर्धा मिलिलिटरही मावत नाही. पण ही युक्ती मोरीपाशी, जुना कपडा घालून आणि आधी पाण्यावर सराव करूनच करावी. दांडी जरा जास्त सरकली तर निबेतून शाई उडते. मी आता सहसा एकाच दाबावर समाधान मानते. माझं दोन-तीन दिवसांचं काम तेवढ्यात भागतं.

धुण्याबद्दल. या पेनाला पाणी भरून काढणं सोपं आहे, पण वेळ लागतो. साधं, गार पाणी घ्यायचं. गरम पाणी वापरत नाही. शाई भरतो तसंच पाणी भरायचं, दांडी ओढून-दाबून काढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दट्ट्याच्या मागे थोडी रंगीत शाई अडकून राहते आणि पारदर्शक पेनात ती दिसते. तिच्यासाठी पेनात अर्धं पाणी ठेवून घुंडी सैल करून रात्रभर उभं ठेवलं की बरीचशी सुटते. शेवटचा थेंब काढायला निब टिपकागदावर टेकवून ठेवते.

मागचा भाग पान्याने खोलून दट्ट्या बाहेर काढणारे लोक आहेत. मी ते केलेलं नाही आणि करणारही नाही. दांडी जड चालायला लागली तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसटसा हात लागतो. घरातलं व्हॅसलिन किंवा शिलाई मशीनचं तेल तिथे लावू नये. खनिज तेलाने रबर फुगतं आणि कालांतराने खराब होतं. ते काम जाणत्या माणसाकडून करून घेतलेलं बरं.

शाई निवडताना एकच पथ्य पाळते. फाउंटन पेनसाठी म्हणून विकली जाते तीच शाई. चित्रकलेची काळी ड्रॉइंग इंक, जिला आपण इंडियन इंक म्हणतो, ती चुकूनही भरू नये. तिच्यात लाख असते. ती फीडमध्ये वाळली की निघत नाही. गडद लाल आणि जांभळ्या शाया पारदर्शक पेनाला रंग धरवतात, म्हणून त्याही टाळते. रोजच्या कामाला साधी रॉयल ब्लू पुरते. ती पाण्याने पटकन धुतली जाते.

माझी रोजची पद्धत आता ठरली आहे. किराणाची यादी किंवा चेकवर सही एवढंच काम असेल तर घुंडी आवळलेलीच राहते. फीडमधली शाई त्याला पुरते. खर्डा लिहायला बसले की टोपण काढायचं, घुंडी दोन मिलिमीटर सैल करायची, निब खाली धरून क्षणभर थांबायचं आणि सुरू करायचं. उठताना निब वर करून घुंडी आवळायची, मग टोपण लावायचं. पहिले काही दिवस विसरायला व्हायचं. आता हात आपोआप तिकडे जातो. घुंडी सैल असताना दांडी मागे ओढली जाणार नाही एवढं सांभाळायचं. घरातल्या लहान मुलांना ती दांडी फार आवडते, तेव्हा पेन त्यांच्या हाती पडू देऊ नये.

त्या दुकानातल्या गृहस्थांना मी नंतर जाऊन पेन पुन्हा दाखवलं, घुंडी सैल करून. त्यांनी स्वतः लिहून पाहिलं, दांडी निरखली आणि कारागिराला बोलावून दाखवली. पुढच्या गिऱ्हाइकाची निब वाचेल अशी आशा आहे.

हे पेन घ्यावं का, असं मला विचारतात. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला आणि सतत प्रवास करणाऱ्याला मी घ्या म्हणते. शाई भरपूर मावते आणि घुंडी आवळली की गळत नाही. ज्यांना दर आठवड्याला शाईचा रंग बदलायची हौस आहे त्यांना हे धुता धुता कंटाळा येईल, त्यांनी कन्व्हर्टरचं पेन घ्यावं. आणि ज्यांच्याकडे हे पेन आधीच आहे त्यांना एवढंच सांगते, पोटात शाई असून लिहीत नसेल तर निब कुणाच्या हातात देण्याआधी मागची घुंडी सैल करून पाहा.